नोकरी सांभाळून गणिताची पदवी

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा विश्वस्तांचा निरोप आला तेव्हा प्रथम मी नकारच कळवला होता. शाळेत गणित शिकवणे निराळे आणि लेख लिहिणे निराळे. परंतु त्याच आठवड्यात एक प्रसंग असा घडला की, लिहिल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. बारावी शास्त्र शाखेतून पास झाली आहे, उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या कचेरीत तपासणीच्या नोंदी संगणकावर भरण्याचे काम तिला लागले आहे, आणि आता तिला गणित घेऊन पदवी मिळवायची आहे. नोकरी सोडणे घरच्या परिस्थितीत शक्य नाही. वडील म्हणाले, "सर, घरी बसून मिळवलेली पदवी ती कसली पदवी? आणि त्यातून गणित! कॉमर्स घेतलं असतं तर निदान कुणाचे हिशेब तरी लिहिले असते." मुलगी वडिलांसमोर काही बोलली नाही. जाताना मात्र दारात मागे रेंगाळून तिने हळूच विचारले, "सर, जमेल ना मला?"

त्या दिवशी मी "जमेल" एवढेच म्हणालो. पण ते उत्तर पुरेसे नव्हते, हे मलाही ठाऊक होते आणि बहुधा तिलाही. कारण ह्याच वाटेने मी स्वतः आलो आहे. १९९८ साली वडील अंथरुणाला खिळले आणि कॉलेज सोडून मी एका फौंड्रीच्या तपासणी खात्यात लागलो. पुढे एका मुक्त विद्यापीठात नाव घातले आणि पाच वर्षांनी पदवी हाती आली, बी.एड. त्यानंतर. त्या पाच वर्षांतला बराच काळ मी आपल्या ट्रस्टच्या वाचनालयात काढला आहे. रात्री नऊला दिवे मालवायचे असत. परंतु पहारेकरी मामा माझे टेबल तेवढे साडेदहापर्यंत चालू ठेवीत. त्याबद्दल त्यांना कोणी रागे भरले असल्यास आज इतक्या वर्षांनी क्षमा मागतो.

आता प्रथम "घरी बसून मिळवलेली पदवी" ह्या आक्षेपाचा विचार करू. मुक्त विद्यापीठ ही काल-परवाची कल्पना नाही. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली तिचे शिक्षण सुरू झाले. त्या पहिल्या वर्षी जे चारच पायाभूत अभ्यासक्रम ठेवले होते, त्यांत एक गणिताचा होता. आपल्या देशात पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत निघाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण विद्यापीठ १९८९ चे आणि म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ चे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी ही नेहमीच्या वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि आयोगाने २०२२ साली ही गोष्ट पुन्हा जाहीर केली. मात्र 'मान्यताप्राप्त' ह्या शब्दाकडे डोळेझाक करून चालणार नाही. विद्यापीठ नावाजलेले असले तरी तो विशिष्ट अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवण्यास त्याला त्या वर्षी परवानगी आहे किंवा नाही, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहूनच पैसे भरावेत. दुकानाच्या पाटीवर भुलून प्रवेश घेतलेली दोन मुले मला माहीत आहेत. त्यांची दोन-दोन वर्षे फुकट गेली.

दुसरा समज ह्याच्या नेमका उलटा आहे, आणि तो अधिक नुकसान करतो. "आपल्या सवडीने शिका" असे म्हटले की हा अभ्यास हलका असणार, असे मुलांना वाटते. सवड मिळते ती वेळेची. सिद्धतेत कोणी सवलत देत नाही. येथे थोडा हिशेबच मांडतो. इंदिरा गांधी विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास धरतात. २०१९ साली तेथे सुरू झालेल्या सामान्य बी.एस्सी.च्या योजनेत १३२ क्रेडिटे होती. म्हणजे एकूण ३९६० तास झाले. ही पदवी कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सहा वर्षांत पुरी करायची असते. तीन वर्षांत करायची तर आठवड्याला सुमारे पंचवीस तास पडतात. जो माणूस सहा दिवस आठ-आठ तास कारखान्यात उभा राहतो, त्याला हे शक्य नाही, आणि शक्य आहे असे त्याला सांगणे हे पाप आहे. सहा वर्षे धरली तर आठवड्याला पावणेतेरा तास येतात. पहाटे दीड तास ह्याप्रमाणे सहा दिवसांचे नऊ आणि रविवारी चार, असे तेरा तास होतात. एवढे जमते. पण मग सहा वर्षे एकही आठवडा वाया घालवता येत नाही. लग्नसराई, ईद, गणपती, सगळे त्यातच आले. माझ्या बरोबरीने नाव घातलेल्यांपैकी बहुतेक जण बुद्धी कमी पडली म्हणून सुटले नाहीत. त्यांनी तीन वर्षांचा बेत केला आणि पहिल्या वर्षाअखेर त्यांचा दम संपला.

विषयांची निवड करतानाही असाच विचार हवा. बी.एस्सी.त गणिताच्या जोडीला इतर शास्त्रे घ्यावी लागतात. पदार्थविज्ञान किंवा रसायन घेतले की प्रयोगशाळेत जातीने हजर राहावे लागते व त्यासाठी कामावरून रजा काढावी लागते. गणिताला प्रयोगशाळा नाही. तेव्हा मालकाशी आधी बोलून मगच जोडविषय ठरवावा. आणखी एक सूचना मी आपल्या मुलांना आवर्जून करतो. पुढे शिक्षक व्हायचे असेल तर बी.एड.साठी पदवीला साधारणपणे पन्नास टक्के गुण लागतात. काठावर पास होऊन चालत नाही. घरी लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना तीस टक्के आणि परीक्षेला सत्तर टक्के अशी जेथे विभागणी असते, तेथे स्वाध्याय दुसऱ्याचे उतरवून काढणारा आपल्याच हाताने ते तीस टक्के फेकून देतो. गुण त्याला कदाचित मिळतील. पण पुढच्या सत्तरांची तयारी त्याच स्वाध्यायात व्हायची असते.

आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना पहिली ठेच लागते ती भाषेची. पुस्तके इंग्रजीत किंवा हिंदीत येतात. ह्यावर उपाय सोपा आहे. एका लहान वहीत डावीकडे इंग्रजी संज्ञा आणि उजवीकडे शाळेत शिकलेली मराठी संज्ञा लिहावी: 'फंक्शन' म्हणजे फल, 'लिमिट' म्हणजे सीमा, 'कंटिन्युइटी' म्हणजे सातत्य, 'कन्व्हर्जंट' म्हणजे अभिसारी. शंभर-सव्वाशे शब्दांत बहुतेक काम भागते. पुस्तक वाचताना हातात पेन्सिल हवीच. गणिताचे पान कादंबरीसारखे वाचता येत नाही. एका तासात एक पान झाले तर तो तास चांगला गेला असे समजावे. सिद्धता वाचून झाली की पुस्तक मिटावे व ती कोऱ्या कागदावर पुन्हा लिहावी. जेथे अडेल तेथे आपल्याला ती समजली नव्हती, हे निमूटपणे कबूल करावे.

कलन, समीकरणे, बीजगणित येथपर्यंत मुले कशीबशी येतात. खरी खिंड आहे ती वास्तव विश्लेषणाची, म्हणजे ज्याला 'रिअल अ‍ॅनालिसिस' म्हणतात त्या विषयाची. मी स्वतः त्यात एकदा नापास झालो आहे. "प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा अस्तित्वात आहे की" हे वाक्य मला तोंडपाठ होते आणि त्याचा अर्थ मात्र काडीइतकाही कळलेला नव्हता. तो कळला तो कारखान्यात. एका गिऱ्हाइकाने जुन्याच मालाचे ड्रॉइंग बदलून पाठवले. माप तेच, पण मापातील सूट पूर्वीपेक्षा कमी केलेली. आमचे फोरमन टर्नरला विचारीत होते, "एवढ्यात बसवायचं तर मशीन किती बारीक लावावं लागंल, सांग की." मी हातातला व्हर्नियर तसाच धरून उभा राहिलो. पुस्तकातले वाक्य हेच होते!

वाचकांना हे उदाहरणाने सांगतो. त्यासाठी आठवीचे गणित पुरे आहे. समजा, चौरस पत्रा कापायचा आहे. बाजू १० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. गिऱ्हाईक म्हणते, क्षेत्रफळात १ चौरस सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल. ही त्याने दिलेली सूट म्हणजे एप्सिलॉन. आता बाजूत मी किती चूक होऊ द्यावी? ०.०४ सेंटिमीटर घेऊन पाहू. १०.०४ चा वर्ग १००.८०१६ आणि ९.९६ चा वर्ग ९९.२०१६. दोन्ही सुटीच्या आत आहेत. हे ०.०४ म्हणजे माझा डेल्टा. उद्या गिऱ्हाईक म्हणाले की ०.१ च्या वर फरक चालणार नाही, तर मी बाजूची सूट ०.००४ करीन, १०.००४ चा वर्ग १००.०८ च्या किंचित वर येतो, म्हणजे पुन्हा आत. तो कितीही कडक झाला तरी माझ्यापाशी उत्तर आहे, ह्यालाच 'फल त्या ठिकाणी सतत आहे' असे म्हणतात. ह्याच्या उलट टपालाचा आकार पाहा. ठरावीक वजनापर्यंत एक दर आणि त्यावर तिळभर जास्त झाले की एकदम दुसरा दर. त्या काठावर कोणी म्हणाले की आकारात एका पैशाचाही फरक नको, तर वजनात किती चूक चालेल? काठाच्या पुढे कितीही थोडे वजन वाढवा, आकार उडी मारतोच. तेथे डेल्टा सापडत नाही; तेथे सातत्य तुटले. पुढच्या परीक्षेत ह्या विषयात मला त्रेसष्ट गुण मिळाले.

म्हणून, नोकरी ही अभ्यासातली अडचण आहे असे जे सर्रास बोलले जाते, ते मला अर्धेच पटते. वेळ ती खाते, हे खरे. पण कॉलेजच्या बाकावर बसणाऱ्याला जे मिळत नाही, ते ती देते. परदेशांत ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्यांनी १९०६ साली आळीपाळीने वर्ग आणि कारखाना अशी योजना सुरू केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ साली ह्याच तत्त्वावर निघाले. तेथे १९६७ साली गणिताची स्वतंत्र विद्याशाखा झाली व गणिताचे विद्यार्थीसुद्धा चार-चार महिने नोकरी करून परत वर्गात येतात. ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि शेवटच्या वर्षांच्या मध्ये एक वर्ष नोकरीचे घालण्याची रीत आहे. आपल्याकडे आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात कामाच्या अनुभवाला पदवीत दोन ते चार क्रेडिटे ठेवली आहेत, आणि एका वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची व पुढे परत येण्याचीही सोय त्यात आहे. प्रत्येक राज्यात हे सारखे नाही. आपल्या कर्नाटकाने २०२४-२५ पासून तीन वर्षांचीच पदवी पुन्हा आणली. तेव्हा ज्या विद्यापीठात जायचे त्याचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचणे हाच खरा मार्ग. एवढे मात्र नक्की की, केवळ कोठेतरी नोकरी करतो म्हणून आपोआप क्रेडिटे पदरात पडत नाहीत.

क्रेडिट मिळो न मिळो, अनुभवाचे गणित करता आले पाहिजे. माझ्याच खात्यातील गोष्ट सांगतो. रिवाज असा होता की, मोठ्या लॉटमधून पन्नास कास्टिंगे काढून तपासायची आणि पन्नासही चांगली निघाली की लॉट पाठवायचा. सगळ्यांना वाटे की हा फार कडक नियम आहे. त्या वर्षी मी संभाव्यता शिकत होतो. लॉटमध्ये शंभरात दोन नग वाईट आहेत असे धरले, तर एक नग चांगला निघण्याची संभाव्यता ०.९८, पन्नासही चांगले निघण्याची संभाव्यता ०.९८ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. ह्याचा अर्थ असा की, असे शंभर लॉट आले तर त्यांतले छत्तीस आमच्या कडक तपासणीतून बिनबोभाट निसटून जाणार! मग किती नग तपासावेत, म्हणजे असा लॉट शंभरात पंचाण्णव वेळा पकडला जाईल? लॉगरिथम घेऊन उत्तर आले १४९. मी मोठ्या ऐटीत कागद फोरमनांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बरोबर असंल. पण एकशे एकोणपन्नास तपासायला माणसं तू देतोस?"

ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या पुस्तकात नव्हते. शेवटी ऐंशीवर तडजोड झाली. त्यात शंभरात सुमारे वीस निसटतात, हे आम्ही दोघांनीही जाणून घेतले होते. तपासणीचा खर्च किती, वाईट नग गिऱ्हाइकाकडून परत आला तर नुकसान किती, ह्यांचा मेळ घालणे हेही गणितच आहे आणि ते मी त्या मळकट टेबलाशी शिकलो. म्हणून माझी सूचना अशी की, नोकरी करून शिकणाऱ्या प्रत्येकाने एक कामवही ठेवावी. महिन्यातून एकदा आपल्या कामातला एक प्रश्न तिच्यात लिहावा, त्याला गणिताचे रूप द्यावे, उत्तर काढावे, आणि ते उत्तर प्रत्यक्षात का चालले किंवा का चालले नाही, हेही प्रामाणिकपणे लिहावे. पुढे नोकरीच्या मुलाखतीला जाताना ही वही पदवीच्या कागदाबरोबर न्यावी.

राहिला त्या वडिलांचा प्रश्न, की गणित कशाला. वस्तुतः गणित जन्मले ते कामकाजातूनच. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिज्मी ह्यांनी जो ग्रंथ लिहिला व ज्याच्या नावातील 'अल्-जब्र' ह्या शब्दावरून युरोपातील भाषांत बीजगणिताचे नाव पडले, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांनी भरलेला आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीतही व्याजाची आणि सोन्याच्या कसाची उदाहरणे आहेत. माझी स्वतःची अपूर्णांकांशी ओळख आजोबांच्या जमिनीच्या वाटणीत झाली. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. शरियतप्रमाणे पत्नीला एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशाचे पाच भाग करून प्रत्येक मुलाला दोन व मुलीला एक. मौलवीसाहेबांनी चाळीस चिंचोके मांडून पाच, चौदा, चौदा आणि सात असे वाटून दाखवले. चाळीसच का घेतले, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही, आणि ते शोधून काढण्यात माझी एक दुपार गेली. बहुधा त्या दुपारीच माझे नशीब ठरले असावे.

ट्रस्टची शिष्यवृत्ती आजवर नियमित कॉलेजात जाणाऱ्यालाच मिळत आली आहे, कारण अर्जाला प्राचार्यांचा दाखला जोडावा लागतो. पन्नास वर्षांपूर्वी नियम केला तेव्हा आपल्याकडे मुक्त विद्यापीठे नव्हती. कोणाचा दोष नाही. परंतु जी मुलगी महिन्याच्या पगारातून घर चालवून पुस्तकांची आणि परीक्षेची फी भरणार आहे, तिला प्राचार्य कोठून आणायचे? प्रवेशाची पावती व तपासलेले स्वाध्याय हे दाखल्याऐवजी धरावेत, असा अर्ज मी विश्वस्त मंडळाकडे दिला आहे. दुसरी विनंती वाचनालयाची आहे: आठवड्यातून निदान तीन दिवस ते रात्री साडेदहापर्यंत अधिकृतपणे उघडे असावे.

ती मुलगी वडिलांसह पुन्हा येऊन गेली. सहा वर्षांचा तक्ता आम्ही तिघांनी बसून केला. वडिलांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि पहाटेचा चहा आपण करून देऊ, असे कबूल केले. रविवारी सकाळी सात ते नऊ मी घरीच असतो. नोकरी करून गणित शिकणाऱ्या कोणीही यावे, फी नाही. येताना पेन्सिल, कोरे कागद आणि आठवड्यात जेथे अडले ते पान तेवढे आणावे.